इथून पुढचं मोठ्यानं वाचू नये

५ फेब्रुवारी

आईंना नमस्कार.

माझं पत्र बघून दचकला असाल, असं लिहिणार होते. पण तुमच्या दोन्ही डोळ्यांतला मोतीबिंदू वाढलाय हे मला ठाऊक आहे. म्हणजे हे पत्र तुम्ही बघणार नाही, ऐकणार आहात. वाचून कोण दाखवतंय हेही ठाऊक आहे. तुमचा मुलगा संध्याकाळशिवाय घरी येत नाही, आणि माझं पत्र त्याच्या हाती लागलं तर वाचण्याआधी फाटेल. तेव्हा त्याच्या नव्या बायकोलाही नमस्कार. बाई, तुमचं-माझं बोलण्यासारखं काही नाही. फक्त लिहिलंय ते जसंच्या तसं वाचा, मध्ये पदरचं काही घालू नका. वाचताना तोंड वाकडं झालं तरी हरकत नाही, आईंना ते दिसायचं नाही.

आता कामाचं. मी शेळ्या पाळायचं ठरवलंय. हसून घ्या, मी थांबते.

ज्या बाजूच्या अंगणात एक तरी शेळी बांधू या असं तुम्ही वर्षानुवर्षं म्हणत राहिलात, आणि वास येतो, लोक काय म्हणतील, म्हणून तुमचा मुलगा नाही म्हणत राहिला, त्याच अंगणात. आता नाही म्हणायला कुणी उरलेलं नाही. मी अजून लोकांना गाडी शिकवते. सकाळी दोन-तीन जण, संध्याकाळी दोन-तीन जण, मधली दुपार मोकळी. तुमची नात भिंगरी दुसरीत गेली. शाळेतून आली की घरभर गरगर फिरते आणि मग खिडकीत बसते. अंगणात नुसतं गवत माजलंय.

मला शेळीतलं काहीही कळत नाही. शेळीला चार पाय असतात आणि ती सगळं खाते, एवढंच. त्यातलं दुसरं खोटं असावं असा माझा अंदाज आहे, कारण तुम्ही एकदा म्हणाला होतात, शेळीइतकं नखरेल जनावर नाही, जमिनीवर पडलेलं पान ती हुंगूनसुद्धा बघत नाही. तेव्हा सुरुवात कुठून करू ते सांगा. गोठा कसा हवा, किती मोठा, कुठे. अर्धा जन्म तुम्ही शेळ्यांत काढलात, मी दुसऱ्या कुणाला विचारू?

आणि खरं कारणही लिहून टाकते, मला फार वेळ आडून बोलता येत नाही. शेळ्या आल्या की तुम्ही त्यांना बघायला याल, असं मला वाटतं. आल्यात तर राहाल, असंही वाटतं. तो गेला त्याचं मला फार काही वाटलं नाही, कधीतरी जायचाच होता. पण बारा वर्षं आपण दोघींनी एका ओट्यापाशी स्वयंपाक केला, आणि त्या दिवशी तुम्ही एक अक्षर न बोलता त्याच्या गाडीत बसलात. मागं वळून बघितलं नाहीत. त्यानंतर एक फोन नाही. ते मला अजून कळलेलं नाही आणि ते माझ्या मनातून जात नाही.

असो. गोठ्याचं कळवा.

तुमच्या नातीची आई


१७ फेब्रुवारी

आई,

उत्तर आलं. पाकिटावर अनोळखी, वळणदार अक्षर. आत एकच पान. सुरुवातीला माझ्यासाठी एक शब्द नाही, शेवटी आशीर्वाद नाही, सगळ्या पानभर नुसत्या शेळ्या. तरी मी ते दारातच उभी राहून वाचलं, आणि गाडी शिकायला आलेले गृहस्थ बाहेर हॉर्न वाजवत बसले.

तुम्ही लिहिलंयत: "ओल नको. शेळीला पाऊस सोसत नाही, ओली जमीन तर मुळीच नाही. फळ्यांची बैठक कर, जमिनीपासून इतकी वर. फळ्यांमध्ये एवढी फट ठेव, म्हणजे लेंड्या खाली पडतात. एवढी ठेवलीस तर पिल्लाचा पाय अडकून मोडेल. एवढीच ठेव."

सुताराला बोलावलं होतं. त्यानं कानावरची पेन्सिल काढली, पान माझ्या हातून घेतलं, ओठ हलवत वाचलं आणि मला विचारलं, "बाई, एवढी म्हणजे केवढी? आणि एवढी नको म्हणजे केवढी नको?"

मी कपाळाला हात लावला. मला सगळं दिसलं. तुम्ही खुर्चीत बसून हवेत बोटं धरून दाखवताय, आणि लिहिणारी मान खाली घालून, एक अक्षर इकडचं तिकडे न करता, उतरवून घेतेय. जसंच्या तसं लिहा असं मी सांगितलं नव्हतं, वाचा असं सांगितलं होतं. पण बाईंनी दोन्ही पाळलं.

मग आम्ही अंदाज बांधायला बसलो. मी म्हटलं, बोटभर असेल. सुतारानं आपलं बोट फळीवर ठेवलं. त्याच्या एका बोटात माझी दोन मावतात. मी माझं ठेवलं, तर तो म्हणे यातून लेंडीच काय, पाणीसुद्धा जाणार नाही. बराच वेळ आम्ही दोघं अंगणात बोटं नाचवत उभे होतो. समोरच्या घरातल्या लोकांना आवाज ऐकून वाटलं असेल आमचं भांडण जुंपलंय. शेवटी तो अवजारं गोळा करून गेला. नीट माप आलं की बोलवा म्हणाला.

इथून पुढचं मोठ्यानं वाचू नये.

बाई, हे तुमच्यासाठी. पानाच्या तळाशी पेन्सिलीनं तुम्ही एक ओळ लिहिलीत, ती मी वाचली. "त्या नीट जेवत नाहीत. मी सांगितलं असं म्हणू नका." नाही म्हणत. पण नीट म्हणजे काय ते कळवा. पानात टाकतात, की पानावर बसतच नाहीत? माझ्याकडे असताना त्या दोन वेळा पोटभर जेवायच्या आणि वर माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायच्या. एक सांगते. त्यांना वाढून देऊन तुम्ही कामाला लागत असाल, तर त्या जेवायच्या नाहीत. समोर कुणीतरी आपलं ताट घेऊन बसावं लागतं. बोलायची गरज नाही, नुसतं बसायचं. आणि पुढच्या पत्रात खरं काय ते लिहा, मला काळजी लागलीय.

तुमचं अक्षर फार चांगलं आहे. पाकीट बघून मला त्याचा रागच आला होता.

आता पुन्हा मोठ्यानं.

तर आई, माप पाठवा. हवेतलं नको.


२ मार्च

आई,

तुमचा हात पोचला.

पाकीट उघडलं तर आत कागदाची चौघडी. ती उलगडली तर पानभर पसरलेला पंजा, पेन्सिलीनं कडेकडेनं काढलेला. अंगठा बाहेरच्या बाजूला वाकडा. शेळीच्या दोरीचा पीळ बसून तो कधीतरी तसा झालाय, हे तुम्ही मला सांगितलं होतं. करंगळीवर एक फुली आणि तिच्याशेजारी त्याच वळणदार अक्षरात: "फट एवढी. आईंची करंगळी. बैठकीची उंची तीन वीत. वीत म्हणजे या अंगठ्यापासून या करंगळीपर्यंत. मी काढताना त्यांचा हात हलला नाही."

मी स्वयंपाकघरात खाली बसले. रडले नाही असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू? भिंगरीनं विचारलं, हा कुणाचा हात. मी सांगायच्या आतच तिनं आपला पंजा त्यावर ठेवला आणि म्हणाली, आजीचा. कसं ओळखलंस विचारलं, तर म्हणे, वेणी घालताना असाच लागायचा. दुसऱ्या दिवशी मी वेणी घालताना तिनं दोनदा सांगितलं, तू ओढतेस.

सुतार आला. त्यानं आधी पंजा निरखला, मग करंगळीच्या रुंदीची एक लाकडी पट्टी तासून घेतली. प्रत्येक दोन फळ्यांमध्ये ती पट्टी उभी धरायची, खिळे ठोकायचे, पट्टी काढायची, पुढची फळी. ठोकताना तो स्वतःशीच म्हणत होता, आजी, करंगळी सांभाळा. दुपारपर्यंत निम्मी बैठक झाली. मी वर चढून चालून पाहिलं, एकही फळी हलत नाही. चारा ठेवायला भिंतीला लाकडी जाळी ठोकलीय, शेळीनं मान वर करून ओढून खावं अशी. दाराला कडी आतून हाताला येणार नाही अशी लावा, शेळी ओठांनी कडी काढते, असं तुम्ही लिहिलंत. ते वाचून सुताराला शेळीविषयी एकदम आदर वाटायला लागला.

तुम्ही विचारलंत, कुंपणाला अजून कण्हेर आहे का. होती. तुमच्या मुलानं लावलेली, रस्त्यावरून घरातलं दिसू नये म्हणून. कण्हेरीची चार पानं पोटात गेली तरी शेळी जगत नाही, मुळासकट काढ, असं तुम्ही लिहिलंत आणि त्याच दिवशी मी कुदळ हातात घेतली. मुळं अशी घट्ट की दोन दिवस लागले, तळहाताला फोड आले, स्टिअरिंग धरवेना. आता स्वयंपाकघरातून सरळ रस्ता दिसतो आणि रस्त्यावरून आम्ही दिसतो. पहिल्या दिवशी उघडं पडल्यासारखं वाटलं. मग समोरच्या बाईंनी त्यांच्या ओसरीतून हात केला, मीही केला. इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा मी धड पाहिलेला नव्हता.

इथून पुढचं मोठ्यानं वाचू नये.

समोर ताट घेऊन बसायला लागलीस, आणि आई अर्धं तरी खातात, हे वाचून बरं वाटलं. अर्धं पुरेसं नाही, पण बरं वाटलं. मी तुला एकदम अगंतुगं करतेय, चालवून घे. ज्या मुलीनं तो हात काढला, तिला अहो-जाहो करणं मला जमत नाही.

तू विचारलंस, तुमच्या वेळीही ते ताट सरकवायचे का. हो. आधी ताट सरकायचं, मग आवाज चढायचा, मग आठवडाभर अबोला, आणि मग काही घडलंच नाही अशी थाप पाठीवर. मीठ कमी पडलं म्हणून नाही आणि तुझं काही चुकलं म्हणून नाही. मीठ मोजून मोजून माझी काही वर्षं गेली. हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून मी तुला सांगतेय. यापुढे तुला जे लिहावंसं वाटेल ते लिही, शेळ्यांचंच हवं असं नाही.

आता मोठ्यानं.

पाल्यासाठी कुठली झाडं लावू?


१३ मार्च

आई,

हे पत्र सगळं मोठ्यानं वाचायचं आहे, कारण तुम्ही आम्हाला पकडलंत. "पत्र दोन पानांचं येतं आणि वाचणं एका पानाचं होतं. मला दिसत नाही, ऐकू येतं." हे लिहून घेताना तुमच्या लेखनिकेचं पेन अडलेलं दिसतंय, ऐकू या शब्दावर शाई फुटलीय. तिला बोलू नका. जे गाळायला लावलं ते मी लावलं.

त्यात काय होतं, तर तुम्ही जेवत नाही हे होतं. आता तोंडावर विचारते, का जेवत नाही? माझ्यावरचा राग असेल तर अन्नावर कशाला काढता? तिथं काही कमी आहे असं ती मुलगी होऊ देत नसणार, हे मला तिच्या अक्षरावरूनसुद्धा कळतं.

आणि दुसरं. मी या म्हटलं, तर तुम्ही एका ओळीत उत्तर दिलंत. "मला तिथं यायला जमणार नाही, त्याची कारणं आहेत, विचारू नको." मी विचारणार. मला राग आलाय आणि तो मी लपवत नाही. तुम्ही मला गोठ्याची उंची सांगता, कडी कुठं हवी ते सांगता, शेवरी लाव, सुबाभूळ जपून घाल, पाण्याची बादली वर टांग, सगळं सांगता. मग यायचं तेवढं का जमत नाही? इतकी बारीक काळजी माणूस परक्याच्या शेळ्यांची करत नाही.

आता शेळ्यांचं ऐका, म्हणजे माझी काय अवस्था आहे ते कळेल. परवा मी शेळीवाल्याकडे जाऊन आले. कुंपण घातलेल्या वाडग्यात वीस-पंचवीस शेळ्या, आणि सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी दात बघायला गेले, तर शेळीनं माझी ओढणी चघळायला घेतली. एक पांढरी मला फार आवडली. कास चांगली भरलेली, शांत उभी. शेळीवाला म्हणाला, भरपूर दुधाची आहे, घेऊन जा. मी हो म्हणणार इतक्यात तिथं लस टोचायला आलेले जनावरांचे डॉक्टर हळूच म्हणाले, बाई, हिचं काल सकाळपासून दूध काढलेलं नाही, गिऱ्हाइकाला कास मोठी दिसावी म्हणून. बिचारी शांत नव्हती, ठणकत होती म्हणून हलत नव्हती.

मी रिकाम्या हातानं परत आले. मला नुसत्या आवाजावरून गाडीचा क्लच कुठं घसरतोय ते कळतं. शेळीचं दुखणं समोर उभं असून मला कळलं नाही. तुम्हाला कळलं असतं. तुम्हीच सांगायचात, शेळी डोळ्यांनी बघायची नसते, हातानं बघायची असते. मग मोतीबिंदूचं कारण सांगू नका.

येत्या रविवारी मी पुन्हा जाणार आहे. सकाळच्या बसनं या. मी स्टँडवर गाडी घेऊन उभी असेन, वर शिकाऊ अशी लाल पाटी असलेली, दिसली नाही तर मी हाका मारीन. तिसऱ्या मजल्यावरून उतरताना वाचणारीचा हात धरा. एक दिवस या, दोन शेळ्या निवडून द्या आणि वाटलं तर संध्याकाळी परत जा. अडवणार नाही. हे मात्र मी मनाविरुद्ध लिहितेय.


२५ मार्च

आई,

तुम्ही आला नाहीत.

बस आली, सगळे उतरले, कंडक्टर चहा पिऊन आला, बस गेली. मी दुसऱ्या बसचीही वाट पाहिली. भिंगरी गाडीत मागं बसून प्रत्येक म्हाताऱ्या बाईकडे बघत होती. शेळीवाल्याकडे गेलोच नाही.

त्यानंतर तुमचं पत्रही नाही. त्याला पत्रांचं कळलं का? कळलं असेल तर हे तुमच्यापर्यंत येईल की नाही, मला माहीत नाही. पण न लिहिता बसवेना.

गोठा तयार आहे. छपरावर पत्रा, त्याखाली वारा जायला मोकळी जागा, शेळ्यांच्या अंगावर थेट झोत येणार नाही अशी आडोशाची भिंत. मी रोज झाडते. रिकामा गोठा झाडणारी या गावात मी एकटीच असेन. सुतार विचारतो, गिऱ्हाईक कधी येणार. शाळेतून आली की भिंगरी बैठकीवर पालथी पडते आणि फटीतून खाली गवत बघते. तिथंच अभ्यास करते. तिला तिथून उठवायचं माझ्या जिवावर येतं.

एक शेळी आणू का, असं मनात आलं होतं. मग तुमचंच वाक्य आठवलं, एकटी शेळी आणू नको, ती दिवसभर ओरडून जीव नकोसा करते, कमीत कमी दोन. म्हणून थांबलेय.

पुढच्या रविवारीही मी स्टँडवर जाणार आहे. तुमच्यावर उपकार म्हणून नाही, मला घरी बसवणार नाही म्हणून. आई, माझा राग गेलाय. आता नुसती भीती वाटते. कुणीतरी दोन ओळी लिहा.


९ एप्रिल

अगं,

हे पत्र तुला आहे. वाचून दाखवायचं नाही, फक्त वाचायचं. आई इथं माझ्याजवळ खुर्ची ओढून बसल्यात आणि मी काय लिहितेय ते घडीघडीला विचारतायत.

त्या रविवारी बसच्या दारात आधी पिशवी दिसली, मग आईंचा पाय चाचपडत पायरी शोधत होता, आणि त्यांच्या दंडाला धरलेला तुझा हात. इतक्या दिवसांत मी तुझं अक्षर पाहिलं होतं, तुला पाहिलं नव्हतं. मला वाटलं होतं त्यापेक्षा तू पुष्कळच लहान आहेस. तू त्यांना बाकावर बसवलंस, पिशवी मांडीवर ठेवलीस, माझ्याकडे बघून मान हलवलीस, आणि मी रस्ता ओलांडेपर्यंत त्याच बसमध्ये चढून बसलीस. मी काचेवर हात मारला. तू खिडकीतून बघितलंस, पण उतरली नाहीस.

आईंना गाडीत बसवलं. भिंगरी त्यांच्या मांडीवर चढली ती उतरेचना. त्यांनी तिचे केस चाचपले आणि म्हणाल्या, वेणी कुणी घातलीय ही? मग सरळ शेळीवाल्याकडे चला म्हणाल्या. वाडग्यात गेल्या, डोळे मिटून घेतले आणि एकेकीच्या पाठीवरून, पोटावरून, कासेवरून हात फिरवत गेल्या. शेळीवाला मालाचं कौतुक करत होता. त्याला म्हणाल्या, तू गप्प राहा, मला ऐकू येत नाही. तासाभरानं दोन निवडल्या. एक काळी, तिचा एक कान दुमडलेला, आणि एक तपकिरी, दिसायला अगदीच बेताची. आणि हो, ती पांढरी अजून तिथंच होती. तिच्याजवळ खाली बसून आईंनी आधी तिचं दूध काढलं, मग शेळीवाल्याला जे सुनावलं ते मी इथं लिहीत नाही.

त्या दुपारी त्यांनी ताटातलं सगळं संपवलं आणि भाजीला नावं ठेवली. मी ओट्याकडे तोंड करून उभी राहिले, कारण मला हसू आणि रडू एकदम येत होतं.

मग मी विचारलंच. त्या दिवशी गाडीत का बसलात? आई दुमडलेल्या कानाच्या शेळीला पाला भरवत होत्या. म्हणाल्या, "मी इथं राहिले असते तर आईला भेटायला म्हणून तो रोज या दारात उभा राहिला असता. तुला सुटका मिळाली नसती. मी त्याच्याबरोबर गेले, म्हणून तो इकडे पुन्हा फिरकला नाही. मागं वळून बघितलं असतं तर मला जाता आलं नसतं."

इतके दिवस मी काय काय समजत होते, ते आता लिहून उपयोग नाही.

मंगळवारी तो आला. फाटकापाशी उभा राहिला. कण्हेर नाही, त्यामुळे समोरच्या ओसरीतले सगळे बघत होते, आणि म्हणूनच की काय, त्याचा आवाज चढला नाही. आई काठी टेकत फाटकापर्यंत गेल्या, पण कडी काढली नाही. कुणी आणून सोडलं असं त्यानं विचारलं. त्या म्हणाल्या, "माझी मी आले. मला काय लहान मूल समजतोस?" तुझा शब्दही त्यांनी काढला नाही. त्यानं भिंगरीची चौकशी केली, आणि तो गेला. मी आत गेले नाही, गोठ्यापाशीच उभी राहिले.

त्यानंतर मात्र आई पुन्हा जेवेनाशा झाल्या. मला कळेना, आता काय झालं. शेळ्या आहेत, नात आहे, भांडायला मी आहे. काल संध्याकाळी दूध काढता काढता त्या मध्येच थांबल्या आणि मला सगळं सांगितलं. तिथं हल्ली त्या समोर बसलेल्या असल्या की त्याचा आवाज जरा तरी खाली राहतो. म्हणून त्या तिथून हलत नव्हत्या. इकडे यायला जमणार नाही असं त्यांनी लिहवून घेतलं, ते माझ्यासाठी नव्हतं गं, तुझ्यासाठी होतं. त्यांना तुला एकटीला तिथं ठेवून यायचं नव्हतं. आणि तू काय केलंस, तर त्यांची पिशवी भरलीस, आणि त्यांना सांगितलंस, "आई, तुम्ही पुढं व्हा, मी येतेच."

त्यांनी विश्वास ठेवला. बाकावर बसून त्या तुझ्या पावलांचा आवाज ऐकत होत्या, आणि आवाज बसकडे गेला.

त्या तुझ्यावर फार चिडल्या आहेत. असं खोटं बोलणारी मुलगी मी जन्मात पाहिली नाही, असं लिही म्हणतायत. लिहिलं. तू त्यांना बाहेर काढलंस, ते त्या अन्न सोडत होत्या म्हणून, हे मला कळतं. त्यांनाही कळतं, म्हणून तर चिडल्यात. पण आता या घरात एका माणसाच्या घशाखाली घास उतरत नाही, आणि ते कारण तू आहेस.

मागची खोली रिकामी आहे. खिडकी अंगणाकडे उघडते, सकाळी शेळ्या ओरडतात, तेवढं सोसावं लागेल. दुपारी मी तुला गाडी शिकवीन. महिन्याभरात तुझी तू कुठंही जाशील, इथंच राहा असं माझं म्हणणं नाही. राहिलीस तर काम भरपूर आहे. आणि तुला तिथंच राहायचं असेल, तर तसं स्पष्ट लिही. मी पुन्हा विचारणार नाही, पण आई विचारतील.

मी आईंना म्हटलं, ही आली तर समोरच्या ओसरीतले विचारतील, कोण ही? मी काय सांगू? त्यांनी एवढासाही विचार केला नाही.

म्हणाल्या, "सांग, मला दोन सुना आहेत. मुलाचं काय ते त्याचं त्याला विचारा म्हणावं."

तेव्हा ये. पत्ता शोधायला नको, तो इतक्या पाकिटांवर तूच लिहिला आहेस.